सूतपुत्र कर्ण आपला कोण लागतो?

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वस्तीत, विहाराच्या वरच्या खोलीत आम्ही काही जण अभ्यासिका चालवतो. तिथे येणारा एक मुलगा आहे. बी.कॉम. झालेला, ठाण्याला नोकरीला. लग्न ठरले म्हणून स्टेशनजवळ भाड्याने खोली शोधत होता. दलालाने खोली दाखवली, डिपॉझिट ठरले, याने आधारकार्डाची झेरॉक्स दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला की मालकाचे गावाकडचे नातेवाईक राहायला येणार आहेत, खोली द्यायची नाही. आडनाव वाचल्याबरोबर मालकाचे नातेवाईक गावाहून निघतात, हे आपल्यापैकी कोणाला नवीन आहे? २०२३ मध्ये याच मुलुंडमध्ये मराठी असल्याच्या कारणावरून एका महिलेला जागा नाकारल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. सगळे पक्ष धावत आले. धावले ते बरोबरच केले. पण आडनावावरून जागा नाकारली जाते तेव्हा कोणी धावत नाही, कारण ती बातमी नाही, तो रिवाज आहे.

त्या रात्री त्या मुलाने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवले. त्यात बाबासाहेब नव्हते. कर्ण होता.

२०१३-१४ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या महाभारत मालिकेतला तो तुकडा. भरल्या रंगमंडपात कर्णाला त्याचे कुळ विचारले जाते, त्याची मान खाली जाते, मागे ढोल आणि करुण आलाप वाजतो. खाली त्याने लिहिले होते, ‘आजही तेच.’

आम्ही ते पाहिले आणि आधी गप्प बसलो. जखम खरी होती. रडणाऱ्या पोराला ‘तू फोटो चुकीचा लावलास’ असे सांगायला जाणारा कार्यकर्ता नसतो, शाळातपासनीस असतो. पण नंतर आम्ही आमच्याच ओळखीच्या पोरांची स्टेटस आणि रील पाहायला घेतली, तेव्हा लक्षात आले की हा एकटा नाही. प्रोफाईलवर निळा झेंडा, खाली जय भीम, आणि रीलमध्ये कर्ण. कधी २०१५-१६ मध्ये सोनीवर चाललेल्या ‘सूर्यपुत्र कर्ण’मधला, कधी स्टार प्लसचा. ज्यांनी या मालिका लागल्या तेव्हा धड पाहिल्याही नाहीत, त्यांच्यापर्यंत त्या आता अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत पोहोचत आहेत. म्हणून हा लेख. तो त्या मुलाच्या विरोधात नाही. त्याच्या अपमानाचा फायदा जे घेत आहेत त्यांच्या विरोधात आहे.

मित्रांनो, पहिला प्रश्न साधा आहे. कर्णाची गोष्ट शेवटी काय सांगते? तो सारथ्याच्या घरात वाढला, पण धनुर्धर म्हणून अर्जुनाच्या तोडीचा निघाला. कसा निघाला? इथे आपल्याला वाटते की गोष्ट म्हणेल, गुण जन्मावर नसतात. गोष्ट तसे म्हणत नाही. ती म्हणते, अहो, तो मुळात कुंतीचाच मुलगा! सूर्याचा अंश! कवचकुंडले घेऊनच जन्मलेला! म्हणजे सारथ्याचा मुलगा धनुर्धर होऊ शकतो हे सिद्ध होत नाही. जो धनुर्धर दिसतो तो सारथ्याचा मुलगा असूच शकत नाही, हे सिद्ध होते. जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाच्या सिद्धांताला कर्ण धक्का देत नाही, तो त्या सिद्धांताचा साक्षीदार आहे.

परशुरामाची गोष्ट आठवा. कर्ण ब्राह्मण असल्याचे खोटे सांगून त्याच्याकडे विद्या शिकतो. गुरू मांडीवर डोके ठेवून झोपलेला असताना किडा मांडी पोखरतो, रक्त वाहते, कर्ण हलत नाही. गुरूला जाग येते आणि तो ओळखतो की इतकी वेदना सोसणारा ब्राह्मण असूच शकत नाही. पाहा, सोसण्याची ताकदसुद्धा माणसाची नाही, वर्णाची. मालिकेत या प्रसंगी पावसासारखे अश्रू पडतात आणि पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याला शाप मिळाला. शापाकडे बघत बसल्यावर शाप देणाऱ्याने कोणत्या नियमाने माणूस मोजला, हा प्रश्न कोण विचारणार?

दुसरी गोष्ट. ‘सूत’ म्हणजे कोण? मालिकेत हा शब्द शिवीसारखा फेकला जातो, आणि जातीची शिवी खाऊन मोठी झालेली आपली पोरे तो आपल्याच अंगावर घेतात. पण मनुस्मृतीच्या हिशेबात सूत म्हणजे क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांची संतती. चातुर्वर्ण्याच्या नजरेत कमी, हे खरे. पण अस्पृश्य नाही, गावकुसाबाहेरचा नाही. धृतराष्ट्राच्या शेजारी बसून त्याला युद्ध सांगणारा संजय सूत आहे. महाभारत ज्याच्या तोंडून सांगितले गेले तो सौतीही सूतच. विराटाच्या राणीचा भाऊ, त्याचा सेनापती कीचक, यालाही सूतपुत्रच म्हटले आहे. राजाच्या कानाशी, राणीच्या माहेरी आणि सैन्याच्या शिरावर ज्यांची जागा होती, त्यांचा अपमान आणि आपल्या आजा-पणजाच्या गळ्यातले मडके या एका तागडीत घालायच्या गोष्टी नाहीत.

मग आपले कोण होते त्या कथेत? लाक्षागृह आठवा. पांडवांना लाखेच्या घरात जाळायचा कट होता आणि ते भुयारातून निसटले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री त्या घरात एक निषाद बाई आणि तिची पाच मुले जेवायला आली होती. जेवून, पिऊन तिथेच झोपली. पांडवांनी घराला आग लावली आणि गेले. सकाळी सहा देह सापडले आणि लोकांनी मानले की कुंती आणि पांडव मेले. हे आदिपर्वात आहे, आम्ही घरून आणलेले नाही. महाश्वेता देवींनी या निषादीवर कथा लिहिली. आमच्यातल्या थोरल्यांनी लहानपणी रविवारी सकाळी महाभारत पाहिले, धाकट्यांनी नंतरचे पाहिले. आम्ही सगळे मिळून आठवत बसलो, तर त्या बाईचा चेहरा कोणालाच आठवेना. भुयार मात्र सगळ्यांना आठवते.

एकलव्याचेही तसेच. अभ्यासिकेतल्या पोरांना आम्ही विचारले, द्रोणाने त्याला का नाकारले? उत्तर आले, अर्जुनाला सर्वश्रेष्ठ धनुर्धर करायचे वचन दिले होते म्हणून. हे अंगठा कापून घेण्याचे कारण झाले. शिकवायलाच का नाकारले? तो निषादाचा मुलगा होता म्हणून, असे आदिपर्व स्वच्छ सांगते. ग्रंथाला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. लाज आजच्या पटकथेला वाटते, म्हणून ती कारण बदलते, आणि मग जे उरते त्याला ‘गुरुभक्ती’ नाव देते. आपले सरकार तरी वेगळे काय करते? उत्तम क्रीडा-प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार, आणि आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना नाव एकलव्याचे! ज्याने अंगठा घेतला त्याच्या नावाने पदक, ज्याचा गेला त्याच्या नावाने वसतिगृह.

आता कर्णाच्या वागण्याकडे येऊ. ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचे स्वयंवरातले वाक्य. कर्णाच्या रीलमध्ये सर्वांत जास्त फिरणारा तुकडा बहुधा हाच असेल. त्याखालच्या प्रतिक्रिया आम्ही वाचल्या. द्रौपदीला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पुढे सभेत तिच्यावर जे ओढवले ते तिच्या गर्वाचे फळ, असे लिहिणारी पोरे आहेत, आणि त्यात आपलीही आहेत. आता ऐका. पुण्याच्या भांडारकर संस्थेने देशभरातली हस्तलिखिते जमवून, अनेक दशके खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. त्या आवृत्तीच्या मूळ पाठात हे वाक्य नाही. मागाहून घातलेले म्हणून संपादकांनी ते तळटिपेत टाकले आहे. म्हणजे ज्या वाक्यावरून आपले पोरगे एका बाईला शिव्या घालते, ते वाक्य खुद्द संशोधकांनी बाहेर काढलेले आहे.

आणि सभापर्वात जे आहे ते मूळ पाठात ठाम आहे. द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा कौरवांतलाच एक भाऊ, विकर्ण, उठून म्हणाला की हे अन्यायाचे आहे. त्याला गप्प कोणी केले? कर्णाने. पाच नवऱ्यांची बाई म्हणजे वेश्याच, तिला विवस्त्र आणले तरी त्यात नवल काय, असे कोण म्हणाला? कर्ण. दुःशासनाला वस्त्रे उतरवायला कोणी सांगितले? कर्णानेच. आजच्या मालिकांमध्ये कर्णाला नंतर पश्चात्तापाचे मोठमोठे संवाद मिळतात. नायकाला तेवढी सूट असते. पण बाईच्या अब्रूची किंमत देऊन आपल्या अपमानाचा हिशेब चुकवणारा माणूस, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बापाच्या लेकरांचा नायक कसा होतो, याचे उत्तर ज्याने स्टेटस ठेवले त्याने स्वतःला द्यावे.

एक गोष्ट तर आम्हालाही अलीकडेच नीट वाचायला मिळाली. कर्णपर्वात कर्ण आणि त्याचा सारथी झालेला शल्य यांचे भांडण आहे. शल्य मद्र देशाचा. त्याला खाली पाडायला कर्ण मद्र आणि वाहीक देशांतल्या लोकांची निंदा करतो. त्यात त्याचा एक आरोप असा आहे की तिकडे वर्ण स्थिर नसतात. माणूस आधी ब्राह्मण असतो, मग क्षत्रिय होतो, मग वैश्य, मग शूद्र, मग न्हावी, आणि न्हाव्याचा पुन्हा ब्राह्मण! हे त्याला किळसवाणे वाटते. जिथे माणूस जन्माला बांधलेला नाही असा एक देश त्या अख्ख्या ग्रंथात दिसतो, आणि त्या देशावर थुंकतो कोण, तर ज्याला आयुष्यभर जन्मावरून हिणवले तो कर्ण. आम्ही पुस्तक खाली ठेवले आणि थोडा वेळ कोणी बोलले नाही.

न्यायाने एक सांगायला हवे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांचा थोरला भाऊ म्हणून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण नकार देतो. राधेने मला दूध पाजले, अधिरथाने मला मुलगा म्हटले, सूतांच्या घरात माझ्या बायका-मुले आहेत, त्यांना मी सोडणार नाही, असा त्याचा भाव आहे. त्या एका ठिकाणी कर्ण मोठा आहे. मराठी वाचकाने त्याला ‘मृत्युंजय’मध्ये आणि ‘राधेय’मध्ये डोक्यावर घेतले, त्यात या प्रसंगाचाही वाटा असणार. पण पोरांनो, तुमच्या रीलमध्ये हा प्रसंग नसतो. तुमच्या रीलमध्ये सोनेरी कवच असते.

हे सगळे आजचे नाही. आमच्या डोंगराच्या पलीकडे गोरेगावची फिल्मसिटी आहे. त्या डोंगराखालून आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे काढायचे ठरले आहे. बी. आर. चोप्रांच्या महाभारताचे बरेचसे हस्तिनापूर त्या फिल्मसिटीतच उभे राहिले होते. २ ऑक्टोबर १९८८ ला ते दूरदर्शनवर सुरू झाले. त्याच्या आधी, २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, दर रविवारी सकाळी साडेनऊला रामानंद सागरांचे रामायण. वस्तीत तेव्हा मोजके टीव्ही. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरात पन्नास माणसे, दारात चपलांचा ढीग. कुठे टीव्हीला हार घातलेला, कुठे समोर उदबत्ती. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतल्या म्हाताऱ्याही त्या गर्दीत बसत, आणि पडद्यावर राम आला की शेजारणीबरोबर हात जोडत. बावीस प्रतिज्ञांतली दुसरी प्रतिज्ञा राम-कृष्णांविषयी आहे हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण ती एकदा नागपूरला घेतलेली, आणि हे दर रविवारी घरात.

नेमक्या याच महिन्यांत महाराष्ट्रात काय चालले होते, हे आजच्या किती पोरांना माहीत आहे? १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्याला राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट होते. शिवसेनेने आणि मराठा संघटनांनी त्याविरुद्ध रान उठवले, आणि शंकरराव चव्हाणांच्या सरकारने ते परिशिष्ट काढून टाकायचे ठरवले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आपली माणसे गट-तट बाजूला ठेवून मुंबईत उतरली. लाखोंचा मोर्चा झाला. आमच्या वस्तीतून बायका भाकरी बांधून लोकलने गेल्या होत्या. मोर्चा हुतात्मा चौकातून गेला म्हणून तेव्हा शिवसेनेत असलेल्या छगन भुजबळांनी दुसऱ्या दिवशी त्या चौकाचे ‘शुद्धीकरण’ केले. चवदार तळ्यानंतर साठ वर्षांनी मुंबईतला डांबरी रस्ता आपल्या पायांनी बाटला! शेवटी परिशिष्ट राहिले, पण या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप घेऊन. आजही तुम्ही तो खंड उघडलात तर ती टीप दिसेल.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. सरकारी दूरदर्शनवर रामायण, त्यावर कसलीही टीप नाही. सरकारी छापखान्यात बाबासाहेब, त्याखाली टीप. एकाच देशातली, एकाच महिन्यातली ही दोन माध्यमे. त्या रामायणातली सीता आणि रावण १९९१ मध्ये भाजपचे खासदार झाले, राम २०२४ मध्ये मेरठमधून झाला. मालिका म्हणजे नुसती करमणूक असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

त्याच १९८८ मधली आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. रामायण राज्याभिषेकावर संपणार म्हटल्यावर उत्तरेत, जालंधर वगैरे शहरांत, वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांची मागणी होती, उत्तरकांड दाखवा, त्यात आमचे वाल्मीकी आहेत. कचरा साठला, रोगराईची भीती आली आणि सरकार नमले. मालिका पुढे चालू झाली. पगारासाठी केलेल्या संपाला इतक्या लवकर दाद मिळाल्याचे सफाई कामगार सहसा सांगत नाहीत. आणि जे उत्तर रामायण त्यांना मिळाले त्यात काय होते? वाल्मीकी होते, लव-कुश होते. शंबूक नव्हता. उत्तरकांडात जो माणूस तप करतो म्हणून मारला जातो तो शूद्र. हातातला झाडू खाली ठेवून ज्यांनी ते कांड पडद्यावर आणले, त्यांच्या वाट्याला त्यातले तेवढेच पान आले नाही.

शंबूकाविषयी बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये जे म्हटले आहे ते आपण घाईत वाचतो. रामाला क्रूर ठरवून ते थांबत नाहीत. उलट ते म्हणतात की व्यक्ती म्हणून रामाला दोष देणे म्हणजे विषय न समजणे आहे. रामराज्य चातुर्वर्ण्यावर उभे होते, आणि चातुर्वर्ण्य दंडाशिवाय टिकत नाही. राजा म्हणून रामाला ते करावेच लागले. बाबासाहेबांची नजर कुठे आहे पाहा. माणसाच्या चेहऱ्यावर नाही, त्याच्या मागच्या यंत्रावर. टीव्ही याच्या नेमके उलट करतो. यंत्र काढून टाकतो आणि चेहरा जवळून दाखवतो. डोळ्यातले पाणी, थरथरणारे ओठ, तीन बाजूंनी तोच चेहरा. चेहरा इतका मोठा झाला की मागचे काही दिसत नाही. कर्णावरचा अन्याय मग वर्णव्यवस्थेचा राहत नाही. तो कुंतीच्या चुकीचा होतो, परशुरामाच्या शापाचा होतो, द्रौपदीच्या गर्वाचा होतो, नियतीचा होतो. खोली न मिळालेल्या आमच्या पोराने रात्री त्या चेहऱ्यात स्वतःला पाहिले आणि हलके वाटून घेतले. मालकाविरुद्ध, सोसायटीविरुद्ध काय करता येईल याचा विचार सकाळी करायचा होता, तो राहिला.

(बाबासाहेबांवरच्या मालिकाही आल्या. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली तेव्हा आमच्या वस्तीत घराघरात ती पाहिली गेली. आयाबाया रडल्या, लहान मुलांना माता रमाई कळली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण छोट्या पडद्याची जी पौराणिक बोली तयार झाली आहे तिच्यात बाबासाहेबही हळूहळू तेजोवलय असलेला अवतार होऊ लागतात की काय, अशी धास्तीही वाटली. प्रश्न विचारणारा माणूस नमस्कार घेणारा झाला की त्यांचे काम सोपे होते.)

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. कर्णाने आपल्या अपमानावर कोणते उत्तर शोधले? रंगमंडपात कुळ विचारले, तो गप्प झाला, दुर्योधन उठला आणि जागच्या जागी त्याला अंगदेशाचा राजा केले. कर्ण गहिवरला आणि जन्मभर त्या उपकाराखाली राहिला. मालिका याला मैत्री म्हणतात. मैत्रीदिनाला हाच प्रसंग फिरतो. पण नीट पाहा. दुर्योधनाला अर्जुनाविरुद्ध एक धनुर्धर हवा होता. कुळ विचारायचा नियम त्याने मोडला का? नाही. एका माणसाला नियमातून सवलत दिली. आणि अंगदेश मिळाल्यावर कर्णाने दुसऱ्या कोण्या सारथ्याच्या पोराला रंगमंडपाचे दार उघडून दिले का? ग्रंथात तरी आम्हाला तसे कुठे सापडले नाही.

हे चित्र ओळखीचे वाटत नाही? आपल्या चळवळीतला एक हुशार, लढाऊ माणूस उचलायचा. त्याला एक महामंडळ, एक विधान परिषद, एखादे राज्यमंत्रिपद द्यायचे. तो गहिवरतो. मग विद्यापीठात आपले पोरगे मरो, गावात आपल्या बाईवर अत्याचार होवो, वस्तीवर बुलडोझर येवो, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण अंगदेश जाईल. वर तो आपल्यालाच सांगतो की साहेबांनी संकटात साथ दिली, मी बेइमानी करणार नाही. आम्ही नावे घेत नाही. प्रत्येकाने आपल्या वॉर्डातले आठवावे. गेली चाळीस वर्षे आपण कर्णाचे राजकारण करत आहोत आणि त्याला निष्ठा म्हणत आहोत.

बाबासाहेबांनाही अंगदेश मिळाला होता. देशाचे कायदामंत्री होते ते. हिंदू कोड बिल गुंडाळले जातेय असे दिसल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आणि त्याआधी, २० मार्च १९२७ ला महाडला ते एकटे पाणी प्यायला गेले नव्हते. एकट्या बॅरिस्टर आंबेडकरांना पाणी मिळवायला तळ्यावर जायची गरज नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडनला राहून आलेला माणूस तो, तिथे पेल्याला कोणी हात लावू नको म्हटले नव्हते. ते हजारोंना घेऊन उतरले. डिसेंबरात तिथेच मनुस्मृती जाळली. स्वतःसाठी नियमातून सवलत मागितली नाही, नियमच पेटवला. ज्या घरात हा माणूस आहे त्या घरातल्या पोराने दुर्योधनाच्या मेहेरबानीवर जगणाऱ्याचा फोटो का लावावा?

आमच्यातलेच काही जण म्हणतात, कशाला महाभारत वाचता? बाबासाहेबांनी तो धर्मच सोडला, आपण का उकरायचे? सोडला, पण वाचून सोडला. रिडल्स लिहिण्यासाठी त्यांनी जेवढे ग्रंथ उपसले तेवढे त्यांच्या विरोधकांनीही उपसले नसतील. न वाचता सोडलेली गोष्ट टीव्हीच्या दाराने पुन्हा घरात येते, हे आपण १९८७ ला पाहिले आणि २८ मार्च २०२० ला पुन्हा पाहिले. टाळेबंदी लागून चार दिवस झाले नव्हते, माणसे बोजे डोक्यावर घेऊन शेकडो मैल चालत गावाकडे निघायला लागली होती, आणि दूरदर्शनवर लोकाग्रहास्तव रामायण सुरू झाले होते. दुसरे काही जण म्हणतात, कर्ण नको तर रावण घ्या, महिषासुर घ्या. घ्यावा ज्याला घ्यायचा त्याने. आम्हाला भीती वाटते की त्यांचीच कथा उलटी धरून आपण पुन्हा त्यांच्याच मंडपात बसतो.

त्या मुलाशी आम्ही शेवटी बोललो. तो चिडला. म्हणाला, ‘तुम्ही पुस्तकातलं सांगता सर, मला तो सीन बघून बरं वाटलं, तेवढंच.’ आम्ही त्याला खोटे पाडले नाही. कर्णपर्वातले ते वाहीक देशाचे पान वाचायला दिले. त्याने दोनदा वाचले आणि विचारले, ‘मग हा देश होता कुठे?’ पंजाबाकडे, असे आम्ही सांगितले. खोली त्याला अजून मिळालेली नाही. लग्न पुढच्या महिन्यात आहे. दलालाबरोबर पुन्हा जाताना आमच्यातले तिघे सोबत जाणार आहेत, आणि या वेळी नकार आला तर कारण लेखी मागायचे ठरले आहे.

रविवारी सकाळी साडेनऊला अभ्यासिकेत चौथ्या खंडाचे वाचन सुरू करत आहोत, परिशिष्टापासूनच. शासनाच्या टिपेसकट. ज्यांच्याकडे खंड असेल त्यांनी तो घेऊन यावे, आमच्याकडे एकच प्रत आहे आणि तिचीही पाने सुटली आहेत.

जय भीम.